लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सव्हाना: दोन रात्रींत काय पाहावे, काय सोडावे?

शेवंती

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. लग्न सांगलीत झाले, त्यानंतर चार दिवस महाबळेश्वरला जाऊन आलो आणि त्यानंतर आम्ही दोघेच असे कुठेही गेलेलो नाही. आधी सासूबाईंचे आजारपण, मग अमेरिकेला येणे, मग मुलींच्या शाळा. प्रत्येक सहल एक तर मुलींसाठी होती किंवा भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी. आता धाकटीही वसतिगृहात राहायला गेली आणि घरात आम्ही दोघेच उरलो.

अटलांटाजवळ पंधरा वर्षे राहूनही आम्ही जॉर्जिया राज्यातलेच सव्हाना हे जुने शहर पाहिलेले नाही. शुक्रवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परत यायचे, म्हणजे हातात दोन रात्री आहेत. यजमान स्थापत्य अभियंता आहेत, त्यांना शहराची आखणी पाहायची आहे. मला जुनी घरे आणि झाडे पाहायची आहेत. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे चालण्याला मर्यादा आहे. आम्ही अंडी खातो, मांस-मासे खात नाही.

मुक्काम नदीकाठी करावा की आतल्या चौकांजवळ, हा पहिला प्रश्न. दुसरा जरा अवघड आहे. दक्षिणेतले हे शहर म्हटले की गुलामगिरीचा इतिहास आलाच. आनंदाच्या निमित्ताने गेलेल्या जोडप्याने त्या जागा पाहाव्यात, की त्यांच्यासाठी वेगळी सवड काढावी? माझ्या मनाचा निर्णय होत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

वाटसरू

शेवंतीताई, आधी दोघांनाही मनापासून शुभेच्छा. आम्ही मेकनमध्ये राहतो आणि सव्हानाला आतापर्यंत सात-आठ वेळा जाऊन आलो आहोत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अटलांटाहून सुमारे अडीचशे मैल अंतर आहे. मेकनपर्यंत आय-७५ आणि तिथून थेट सव्हानापर्यंत आय-१६. हा दुसरा टप्पा सरळ, सपाट आणि दोन्ही बाजूंना पाइनची झाडे असा आहे, तिथे झोप येते. गाडी आलटून-पालटून चालवा आणि मध्ये एकदा तरी थांबा.

मुक्काम चौकांजवळच करा. नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटवर रात्री उशिरापर्यंत गर्दी आणि संगीत असते. शिवाय वरच्या बे स्ट्रीटवरून खाली उतरायला दगडी पायऱ्या आहेत. त्या उंच आणि असमान आहेत, दुखऱ्या गुडघ्याला त्रास देतील. जुन्या गावाचा भाग मात्र सपाट आहे. नदीपासून फोरसाइथ पार्कपर्यंत बुल स्ट्रीटने गेलात तर अंतर साधारण एक मैल भरते आणि वाटेत जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन आणि मॉन्टेरे हे पाच चौक लागतात. प्रत्येक चौकात बाक आहेत. दर पाच मिनिटांनी बसत गेलात तरी अर्ध्या दिवसात हा रस्ता आरामात होतो. माझ्या मते सव्हाना पाहण्याची खरी रीत हीच आहे. यादी करून धावलात तर हे शहर हाती लागत नाही.

गोदाकाठ

चार्ल्सटनला जा. तिथे समुद्र आहे, रंगीत घरांची ओळ आहे आणि जेवण जास्त चांगले मिळते.

नीलमोहर

गोदाकाठ, चार्ल्सटन मलाही प्रिय आहे, पण शेवंतीताईंच्या यजमानांना शहराची आखणी पाहायची असेल तर सव्हानाला पर्याय नाही. मी नगररचना शिकले आहे, त्यामुळे याबद्दल थोडे लांबण लागेल.

जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्प १७३३ च्या फेब्रुवारीत नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला आणि जवळजवळ लगेच त्याने आखणी सुरू केली. ती पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तशीच चालत राहिली. शहराचा घटक म्हणजे एक वॉर्ड. मधोमध मोकळा चौक. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांसाठी दहा-दहा भूखंडांचे चार गट, म्हणजे चाळीस घरे. पूर्वेला आणि पश्चिमेला मोठे भूखंड राखलेले, ते चर्च, बाजार अशा सार्वजनिक इमारतींसाठी. शहर वाढले की शेजारी आणखी एक वॉर्ड मांडायचा. अशा रीतीने चौकांची संख्या चोवीसवर गेली. त्यांतले बावीस आज आहेत.

मराठीत आपण 'चौक' म्हणतो तेव्हा चार रस्ते मिळतात ती जागा डोळ्यांसमोर येते. इथला चौक तसा नाही. तो आपल्या वाड्यातल्या चौकासारखा आहे. चारी बाजूंनी घरे आणि मधोमध आकाश, फक्त इथे तो एका कुटुंबाऐवजी चाळीस घरांचा आहे. गाड्यांना त्याला वळसा घालूनच जावे लागते, त्यामुळे त्यांचा वेग आपोआप कमी होतो. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी आखलेली ही युक्ती आजही काम करते आहे, हे तिथे बाकावर बसूनच कळते.

यजमानांना एलिस स्क्वेअर अवश्य दाखवा. १९५४ साली तिथला जुना बाजार पाडून त्या जागी वाहनतळ उभारला गेला. त्या घटनेने गावाला जाग आली. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाउस हे १८२० चे घरही वाहनतळासाठी पाडले जाणार होते. तेव्हा गावातल्या सात स्त्रियांनी पुढाकार घेऊन साडेबावीस हजार डॉलर उभे केले, ते घर विकत घेतले आणि हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन स्थापन केले. आज आपण जे सव्हाना पाहायला जातो ते बऱ्याच अंशी या सात जणींच्या हट्टामुळे उरले आहे. एलिस स्क्वेअरवरचा वाहनतळही शेवटी पाडला गेला आणि २०१० साली तो चौक पुन्हा मोकळा झाला. एकदा गेलेली मोकळी जागा शहराने परत मिळवली, असे फार कमी वेळा घडते. पुण्यातले वाडे एकामागून एक जाताना पाहिलेल्या माणसाला डेव्हनपोर्ट हाउसच्या दारात उभे राहून गलबलून येते. मला आले होते.

भुईचाफा

जेवणाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मी शाकाहारी आहे आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर चार वर्षे राहिले आहे.

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या शिजवतात तशाच मऊ शिजवतात आणि वर लोणी किंवा चीज घालतात. मात्र काही ठिकाणी त्या कोंबडीच्या रस्स्यात शिजवतात, म्हणून विचारून घ्या. कोलार्ड ही पालेभाजी दिसायला आपली वाटते, पण ती बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवलेली असते. घेवड्याच्या दाण्यांचेही तेच. पानात मांस दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे, असे इथे समजू नये.

निर्धास्तपणे खाण्यासारखेही पुष्कळ आहे. हिरव्या टोमॅटोचे जाड काप मक्याच्या पिठात घोळवून तळतात, ते आपल्या वांग्याच्या कापांची आठवण करून देतात. भेंडी तर सर्वत्र मिळते. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांबरोबर ती इथे आली आणि इथलीच झाली. पेकनच्या दाण्यांची साखर-लोण्यात केलेली प्रालिन रिव्हर स्ट्रीटवर संगमरवरी फळीवर ओततात. ती गरम असतानाच चाखावी.

वाटेत पेट्रोल पंपावर मोठ्या भांड्यात उकडलेल्या शेंगा दिसल्या तर थांबाच. भुईमुगाच्या शेंगा टरफलासकट मिठाच्या पाण्यात तासन् तास उकडलेल्या असतात. पहिली शेंग फोडली आणि खारट पाणी जिभेवर आले तेव्हा मला एकदम वाईच्या आजोळच्या अंगणात बसल्यासारखे वाटले.

जोन्स स्ट्रीटवर मिसेस विल्क्सची खानावळ आहे, १९४३ पासूनची. दहा-दहा जणांच्या मेजावर अनोळखी माणसे एकत्र बसतात आणि भांडी एकमेकांकडे सरकवत जेवतात. ती दुपारीच उघडी असते आणि मी होते तेव्हा शनिवार-रविवारी बंद असे, म्हणून शुक्रवारीच जमवा. रांग मोठी असते.

एकतारा

सर्वांचा आदर राखून एक वेगळे मत मांडतो. पंचवीस वर्षांनी दोन माणसे प्रथमच एकटी निघाली आहेत. त्यांनी नदीवर बोटीने फिरावे, झाडांखाली बसावे, चांगले जेवावे. गुलामांच्या खोल्या, लिलावाच्या जागा हे सर्व महत्त्वाचे आहे यात शंका नाही, पण त्यासाठी दुसरी फेरी करता येते. लग्नाच्या वाढदिवशी कोणी स्मशानात जात नाही. शेवंतीताईंच्या मनात जी शंका आली आहे ती मला योग्य वाटते.

कपाशी

मी यवतमाळचा. घरी तीन पिढ्या कापसाची शेती, आणि मामांचे जिनिंग होते. त्यामुळे सव्हानाच्या नदीकाठी उभा राहिलो तेव्हा मला ते गाव परके वाटलेच नाही. एकतारा यांच्या म्हणण्याकडे शेवटी येतो.

१७९३ साली सव्हानाच्या जवळच, मलबेरी ग्रोव्ह नावाच्या मळ्यावर पाहुणा म्हणून आलेल्या इलाय व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. ज्याने हाताने सरकी वेगळी केली आहे त्यालाच या यंत्राचे मोल कळेल. आखूड धाग्याच्या कापसात तंतू सरकीला इतके घट्ट चिकटलेले असतात की दिवसभर बसून हातात जेमतेम मूठभर रुई येते. यंत्र आले आणि तोच कापूस एकाएकी किफायतशीर झाला. कष्ट कमी करणाऱ्या या यंत्राने गुलामगिरी मात्र कमी केली नाही, उलट वाढवली. सरकी काढायला यंत्र होते, पण पेरायला, खुरपायला आणि वेचायला माणसेच लागत होती, आणि ती विकत घेतली जात होती.

रिव्हर स्ट्रीटवर आज जिथे दुकाने आणि उपाहारगृहे आहेत त्या उंच इमारती कापसाच्या वखारी होत्या. पायाखालचे गोल दगड जहाजांतून आले आहेत. मालाविना येणारे जहाज डोलू नये म्हणून तळाशी दगड भरत, ते इथे उतरवून त्या जागी कापसाच्या गाठी भरत. त्या दगडांवर उभे राहून समोर पाहिले की आजही कंटेनरची अजस्र जहाजे इतक्या जवळून जातात की मान वर करावी लागते.

आता आपल्याकडचा दुवा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हा मागणी वळली ती मुंबईकडे. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस सोन्याच्या भावाने गेला. त्या पैशातून मुंबईत बँका आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि लोक शेअरांच्या मागे वेडे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि तो सगळा डोलारा खाली आला. ज्यांचे दिवाळे निघाले त्यांत प्रेमचंद रायचंद होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांनी दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे. सव्हानाचे बंदर बंद पडले तेव्हा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या कापसाला भाव आला, आणि ते उघडले तेव्हा तो गेला.

म्हणून एकतारा, मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. त्या वखारींसमोर बसून जोडप्याने जरूर आइस्क्रीम खावे. पण कापूस कोणी वेचला, हे विसरून ती जागा नीट दिसतच नाही.

दिवली

शेवंतीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. मी इतिहास शिकवते आणि एकतारा यांचा मुद्दा मला समजतो, म्हणून वाद घालण्यापेक्षा एक प्रसंग सांगते.

मॅडिसन स्क्वेअरला लागून ग्रीन-मेल्ड्रिम हाउस आहे. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन अटलांटाहून वाटेतले सर्व उद्ध्वस्त करत इथे पोहोचला. दक्षिणेचे सैन्य रातोरात नदी ओलांडून निघून गेले, नगराध्यक्षांनी गाव स्वाधीन केले आणि म्हणून सव्हाना जळाले नाही. शर्मनने २२ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तार पाठवली आणि दीडशे तोफा व कापसाच्या सुमारे पंचवीस हजार गाठींसह हे शहर नाताळची भेट म्हणून देऊ केले. इतके बहुतेक मार्गदर्शक सांगतात.

तीन आठवड्यांनी, १२ जानेवारी १८६५ रोजी, त्याच घरात वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारण्यात आले की मुक्त झालेल्या लोकांना काय हवे आहे. त्यांच्या वतीने बोलले ते सदुसष्ट वर्षांचे गॅरिसन फ्रेझर. त्यांनी सांगितले की आम्हाला जमीन द्या, ती आम्ही स्वतःच्या श्रमाने कसू आणि आमचा निर्वाह करू. चारच दिवसांत, १६ जानेवारीला, किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांच्या तुकड्यांनी देण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी पुढचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवला, हा त्या कथेचा दुःखद शेवट आहे.

या बैठकीच्या टिपणात फ्रेझर यांची ओळख दोन-तीन ओळींत नोंदलेली आहे. ते जन्माने गुलाम होते. आठ वर्षांपूर्वी सोन्या-चांदीच्या नाण्यांत एक हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि आपल्या पत्नीला विकत घेतले होते. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने आयुष्यभराची पुंजी आपण दोघे एकमेकांचे राहावे यासाठी मोजली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी त्या घरासमोर पाच मिनिटे उभे राहणे मला तरी अस्थानी वाटत नाही.

आपल्या भाषेशी याचे नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करण्यासाठी निरपेक्षपणे झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला आहे. पुण्यात बसून त्यांनी या लढ्याकडे आपला म्हणून पाहिले. आणखी एक योगायोग पाहा. १८४८ साली फुले दांपत्याने भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी सव्हानाच्या दक्षिणेला एका मळ्यावर सुझी किंग टेलर गुलामीत जन्मली. गुलामांना शिकवणे जॉर्जियात गुन्हा होता. सव्हानात आजीकडे राहणारी ही मुलगी पुस्तके कागदात गुंडाळून, कोणाला संशय येऊ नये म्हणून एकेकटीने फाटकातून आत शिरणाऱ्या मुलांबरोबर एका बाईंच्या घरी शिकली. पुढे तिने मुक्त झालेल्यांना शिकवले आणि युद्धात सैनिकांची शुश्रूषा केली. गुलामगिरीचा कट्टर समर्थक असलेल्या कॅल्हूनच्या नावाचा चौक २०२३ साली सुझी किंग टेलरच्या नावाने ओळखला जाऊ लागला. तिथे जा, तो फोरसाइथ पार्कपासून जवळ आहे.

पैसे देऊन एकच घर पाहायचे असेल तर ओवेन्स-थॉमस हाउस पाहा. १८१९ सालचे आहे. तिथला मार्गदर्शक आधी मागच्या गुलामांच्या खोल्या दाखवतो आणि मग मालकाचे घर, आणि हा क्रम योग्य आहे.

एकतारा

दिवली, फ्रेझर यांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. दोनदा वाचली. माझे मत मी मागे घेत नाही, पण स्मशानाची उपमा चुकीची होती, ती मागे घेतो.

रानवाटा

झाडांबद्दल दोन शब्द. सव्हानाच्या लाइव्ह ओकवरून राखाडी जटा लोंबतात, त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात. पण ती स्पेनची नाही आणि शेवाळही नाही. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात, तेही बरोबर नाही. बांडगूळ झाडात मुळे घुसवून त्याचा रस घेते. ही आपल्याकडच्या झाडावरच्या आमरीसारखी नुसती आधाराला असते आणि पाणी हवेतून व पावसातून घेते. म्हणून ज्या गावात हवा दमट, तिथेच ती इतकी दाट दिसते. खाली पडलेली जट अंगावर घेऊन छायाचित्रे काढू नका, तिच्यात बारीक किडे असू शकतात.

वेळ असेल तर वर्म्सलो या जुन्या मळ्यावर जा. दीड मैल लांबीच्या रस्त्यावर दुतर्फा चारशेहून अधिक ओकच्या फांद्या वर एकमेकींना मिळाल्या आहेत. सकाळी लवकर जावे.

पाणंद

निवासाबद्दल एक सावधगिरीची सूचना. आम्ही गेलो तेव्हा जुन्या घरात चालणाऱ्या एका निवासात खोली घेतली होती. नोंदणी करताना कोणीच सांगितले नाही की खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहक नाही. आईला दोन दिवस त्या अरुंद लाकडी जिन्याने चढ-उतार करावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते. शेवंतीताई, यजमानांचा गुडघा लक्षात घेऊन दूरध्वनीवरच मजला विचारा आणि तळमजल्याची खोली पक्की करा.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघांनी काल रात्री बसून सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. मॅडिसन स्क्वेअरजवळ तळमजल्याची खोली घेतली आहे. रविवारी सकाळी तीन-चार तास मिळतील. टायबी बेटावर जावे की फोर्ट पुलास्की पाहावा?

पहाटवारा

दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, पण तीन-चार तासांत एकच नीट होईल. टायबीच्या दीपगृहाला १७८ पायऱ्या आहेत, त्यामुळे ते आपोआप बाद होते. फोर्ट पुलास्की पाहा. यजमान अभियंता आहेत, त्यांना तर तो फारच आवडेल. साडेसात फूट जाडीच्या विटांच्या भिंती, त्या काळी अभेद्य मानलेल्या. एप्रिल १८६२ मध्ये टायबीच्या वाळूतून, मैलभराहून अधिक अंतरावरून, उत्तरेच्या सैन्याने पेचदार नळीच्या नव्या तोफा डागल्या आणि सुमारे तीस तासांत किल्ला शरण आला. त्या दोन दिवसांत विटांच्या किल्ल्यांचे युग संपले. आग्नेयेकडच्या भिंतीत गोळ्यांचे खळगे अजून आहेत. दिवली यांनी सांगितलेली सुझी किंग टेलरही किल्ला पडल्यानंतर काही दिवसांतच काकांबरोबर सव्हाना सोडून उत्तरेच्या आरमाराच्या आश्रयाला पोहोचली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

शेवंती

मंडळी, काल रात्री परत आलो. जसे आठवते तसे लिहिते.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. आय-१६ वर एका पंपावर उकडलेल्या शेंगा मिळाल्या. भुईचाफा, कागदी पेला गरम होता आणि शेंगा इतक्या मऊ की टरफल दोन बोटांत दाबले की दाणा बाहेर. यजमानांनी गाडी बाजूला लावून सगळ्या संपवल्या आणि मग म्हणाले, "आता परत जाऊन आणखी घेऊ या का?" पंचवीस वर्षांत ते कोणत्याही खाण्यासाठी मागे वळलेले मी पाहिले नव्हते. आम्ही वळलो.

खानावळीत पाऊण तास रांगेत उभे राहिलो. मेजावर आमच्याशिवाय आठ जण. विचारून विचारून भेंडी-टोमॅटो, रताळे, भात आणि मक्याचा पाव घेतला. समोरच्या आजोबांनी निमित्त विचारले, मी सांगितले. त्यांच्या लग्नाला चोपन्न वर्षे झाली होती. आजी काही बोलल्या नाहीत, त्यांनी रताळ्याचे भांडे पुन्हा माझ्याकडे सरकवले.

शनिवारी बुल स्ट्रीट. वाटसरू, आम्ही खरोखर प्रत्येक चौकात बसलो. यजमान पावले मोजून भूखंडांची रुंदी काढत होते आणि वहीत वॉर्डाचा नकाशा रेखाटत होते. राइट स्क्वेअरमध्ये कोपऱ्यात एक मोठा ग्रॅनाइटचा दगड आहे. ओगलथॉर्पला जागा देणारा यामाक्रॉ या तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख टोमोचिची १७३९ मध्ये वारला तेव्हा त्याला याच चौकात पुरले होते, आणि पुढे रेल्वेच्या एका अध्यक्षाचे स्मारक नेमके मधोमध उभारले गेले. दगड १८९९ साली ठेवला. ज्याची जमीन त्याला कोपरा मिळाला, हे पाहून आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो.

ओवेन्स-थॉमस हाउसमध्ये मागच्या खोल्यांच्या छताला अजून निळा रंग आहे. नीळ आणि चुना यांचा. भुते आत येऊ नयेत म्हणून तिथे राहणाऱ्यांनी लावलेला, असे सांगितले. काही ठिकाणी त्याचे पोपडे निघाले आहेत आणि खालचे लाकूड दिसते. मालकाच्या घरात वरच्या मजल्यावर जिन्यावरून जाणारा एक सुंदर छोटा पूल आहे. यजमानांनी तो पाहिला आणि खाली उतरल्यावर मला विचारले, "पाणी वरपर्यंत कोण चढवत असेल?" मार्गदर्शक बाईंनी तळघरात नेऊन तेच सांगितले.

फ्रँकलिन स्क्वेअरजवळचे फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चही पाहिले. इथे कोणी त्याचा उल्लेख केला नव्हता, म्हणून मुद्दाम लिहिते. गुलाम असलेल्या माणसांनी दिवसभराचे काम संपल्यावर रात्री येऊन ते बांधले. खालच्या सभागृहातल्या लाकडी जमिनीला नक्षीसारखी भोके आहेत. चर्चची परंपरा सांगते की पळून आलेली माणसे त्या जमिनीखाली लपत आणि श्वास घेता यावा म्हणून ती भोके होती. मी वाकून एका भोकावर बोट ठेवले. माझ्या करंगळीपेक्षा थोडे मोठे असेल.

संध्याकाळी ग्रीन-मेल्ड्रिम हाउसच्या लोखंडी कठड्यापाशी उभे राहिलो. खोली जवळच होती, म्हणून सकाळपासून दोनदा त्याच्यावरून गेलो होतो. दिवली, तुम्ही लिहिलेला फ्रेझर यांचा परिच्छेद मी तिथे पुन्हा वाचून दाखवला. यजमानांनी माझा हात धरला. ते रस्त्यात हात धरत नाहीत.

एकतारा, तुमचेही ऐकले. रात्री नदीवरच्या मोफत बोटीने पलीकडच्या बेटावर जाऊन आलो, दोन वेळा. परतताना एक कंटेनर जहाज गेले आणि त्याच्या लाटेने आमची बोट हेलकावली. थंडी होती, म्हणून एकच शाल दोघांनी घेतली. फोर्ट पुलास्की रविवारी झाला, त्याबद्दल यजमान स्वतः लिहिणार आहेत. वहीची आठ पाने भरली आहेत.

दिवली

शेवंतीताई, वाचताना डोळे भरून आले. चर्चचा उल्लेख राहून गेला होता, तो तुम्ही केलात हे फार बरे झाले.

नीलमोहर

वहीतला नकाशा इथे लावता आला तर जरूर लावा. भूखंडाची रुंदी किती आली तेही सांगा. मूळ आखणीत ती साठ फूट होती.

शेवंती

साडेएकोणसाठ. ते म्हणतात की अर्धा फूट त्यांच्या गुडघ्याचा.

एकतारा

हा धागा मी घरी वाचून दाखवला आणि आता आमचेही ठरले आहे. येत्या मार्चमध्ये आमच्या लग्नाला अठरा वर्षे होतील. फ्रेझर जिथे बोलले ते घर आणि ओवेन्स-थॉमस हाउस दोन्ही पाहायचे, असे बायकोने बजावले आहे. मार्चमध्ये हवा कशी असते?

वाटसरू

मार्च उत्तम. अझेलियाची झुडपे सगळ्या चौकांत फुललेली असतात. फक्त १७ मार्चच्या मागचे-पुढचे दिवस टाळा. सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीला लाखो लोक येतात आणि खोली मिळत नाही. तुमच्या लग्नाची तारीख कोणती?

एकतारा

सतराच.

वाटसरू

मग चोवीसला जा. आणि तळमजल्याची खोली मागायला विसरू नका.